भाड्याचे बूट

सोलापुरात कोट लागतो तो लग्नाला, आणि तोही बरेच जण भाड्याने आणतात. आमच्या निकाहाची शेरवानीही भाड्याचीच होती. गळपट्टीवर आधीच्या कुणा नवरदेवाच्या अत्तराचा पिवळा डाग होता. अम्मींनी सेहरा जरा पुढे ओढून तो झाकला. फोटोत डाग दिसत नाही, पण अब्बांना दिसला होता. अब्बांनी उभा जन्म चादरीच्या कारखान्यात मागावर काढला. पगार बेताचा, पण एक नियम पक्का : परक्याच्या अंगावरून उतरलेला कपडा आपल्या अंगावर चढवायचा नाही. ईदला नवा घेता आला नाही तर जुनाच धुऊन इस्त्री करून घालायचा. मोहल्ल्याच्या जमातीकडून देगा, सतरंज्या, ताटे आणायला मात्र त्यांची हरकत नसे. "देग सगळ्यांची असते, सदरा एकाचा असतो," असे ते म्हणत.

हा नियम आमच्यात किती मुरला आहे हे आम्हाला काश्मीरला जायचे ठरले तेव्हा कळले.

आम्ही दोघेही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. एक गणित, एक उर्दू. बी.एड. एकाच कॉलेजातून केले, एकाच वर्षी. घरात कुठलाही निर्णय स्टाफरूममधल्या ठरावासारखा होतो : एकाने मांडायचा, दुसऱ्याने अनुमोदन द्यायचे, आणि मुलाने विरोधात मत नोंदवायचे. या वेळी मात्र ठराव मुलाचाच होता. २०२२ च्या फेब्रुवारीत त्याने टीव्हीवर बीजिंगचे हिवाळी ऑलिम्पिक पाहिले. भारताचा एकच खेळाडू होता, आरिफ खान, गुलमर्गच्या पायथ्याच्या टंगमर्ग भागातला. तिरंगा हातात घेऊन तो मैदानात आला तेव्हा आमचा नऊ वर्षांचा मुलगा दिवाणावर उभा राहिला होता. आरिफच्या वडिलांचे गुलमर्गला स्कीच्या सामानाचे दुकान होते आणि चौथ्या वर्षीच त्यांनी पोराला बर्फावर उभे केले, हे त्याने कुठून तरी शोधून काढले. मग रोज एकच प्रश्न : आपण कधी जायचे?

२०२४ च्या जानेवारीत संक्रांतीला जोडून सुट्टी जमत होती. पतपेढीतून चाळीस हजारांचे कर्ज काढले. विमान, हॉटेल, टॅक्सी यांचा हिशेब झाला आणि उरला तो अंगावरच्या वस्तूंचा प्रश्न. विकत घ्यायच्या की तिथेच भाड्याने?

दुबईला असलेल्या आमच्या मामेभावाला फोन केला. तिथल्या एका मॉलमध्ये बर्फाची घसरगुंडी आहे, स्की दुबई नावाची, २००५ पासून. तो म्हणाला, "इथे तिकिटातच जॅकेट, पँट, बूट, स्की सगळे मिळते. कोण विकत घेतो?" आम्हाला वाटले, ही दुबईची गोष्ट. तिथले भाड्याचे कपडे धुऊन, वाळवून, घडी घालून देत असतील. गुलमर्गला जाऊन आलेल्या एका सहकाऱ्याने सांगितलेली हकीकत आमच्या कानात होती. टंगमर्गला टॅक्सीवाल्याने गाडी थेट दुकानापाशी उभी केली. 'वर काही मिळणार नाही' असे सांगून दुकानदाराने घोट्यापर्यंत लांब कोट आणि गंबूट गळ्यात मारले. कोटाला ओल्या बकरीचा वास, आणि गंबुटात आधीच्या माणसाच्या पायाचा ओलावा.

अब्बांनी हे ऐकले आणि एवढेच म्हणाले, "पोराला दुसऱ्याचे बूट घालू नका."

झाले. पुण्याला जाऊन तीन जॅकेटे, तीन पाणी न शिरणाऱ्या पँटी, हातमोजे, चष्मे घेतले. एवढ्यावर थांबलो असतो तर ही हकीकत लिहायची वेळ आली नसती. पण परदेशातून परतलेल्या एका कुटुंबाला मुलाचा स्कीचा संच काढायचा आहे, असे कळले. जोडी, बूट आणि काठ्या मिळून नऊ हजार. वस्तू जवळजवळ नवी दिसत होती. गंमत अशी की तीही कुणाच्या तरी पायातून उतरलेलीच होती. पण विकत घेतली की ती आपली होते, तिच्यावरचे दुसऱ्याचे नाव पुसले जाते, असा काहीतरी हिशेब आमच्या मनात असावा. अब्बांनीही बूट उलटेसुलटे करून पाहिले आणि "मजबूत आहे" म्हणाले. सोलापूरच्या उन्हात मुलाने ते बैठकीच्या खोलीत घालून पाहिले आणि फरशीवर खाड्‌खाड् चालत शेजाऱ्यांना दाखवून आला.

विमानात प्रत्येकी पंधरा किलो सामान. आमचे जास्तीचे पैसे तिथेच भरले गेले, कारण स्कीच्या पिशवीची लांबी बघूनच काउंटरवरच्या मुलीने मान हलवली होती.

आणि गुलमर्गला बर्फ नव्हता.

ज्यांनी तो हिवाळा पाहिला नाही त्यांना हे खरे वाटणार नाही. २१ डिसेंबरपासून काश्मिरात चिल्ला-ए-कलां सुरू होतो, कडाक्याच्या थंडीचे चाळीस दिवस. २०२४ च्या जानेवारीत त्यातले निम्म्याहून अधिक दिवस उलटून गेले होते आणि गुलमर्गचे मैदान पिवळट गवताचे पडले होते. घोडे चरत होते. अफरवटच्या माथ्याकडे पांढरा पट्टा तेवढा दिसत होता. स्लेज ओढणारे लोक आपल्या स्लेजवरच बसून फेरनच्या आत कांगडी धरून शेकत होते. मुलगा स्कीची पिशवी खांद्यावर घेऊन त्या गवतात उभा राहिला. तो रडला नाही. रडला असता तर बरे वाटले असते.

वेळ काढायला आम्ही एका दुकानात शिरलो. भाड्याने सामान देणारे साठीतले गृहस्थ, त्यांना सगळे चाचा म्हणत. मध्ये बुखारी पेटलेली, भिंतीला ओळीने स्की टेकवलेल्या, फळ्यांवर बूट. आम्ही गिऱ्हाईक नव्हतोच. तरी त्यांनी कहवा दिला आणि मुलाच्या पिशवीकडे बोट करून म्हणाले, जरा बघू. स्की बाहेर काढून त्यांनी कडेवरून नख फिरवले, तळ पाहिला, मग बुटाच्या मागच्या खटक्यापाशी थांबले. तिथे एक छोटी खिडकी असते, तिच्यात आकडा दिसतो. आमच्या जोडीवर तो चार होता.

"हा चारवर कुणी लावला?"

कुणीच लावला नव्हता. तो तसाच आला होता. आमच्यापैकी जो गणित शिकवतो त्याने दोन महिने तो आकडा रोज पाहिला होता आणि हा काय आहे असा प्रश्न त्याला एकदाही पडला नव्हता.

चाचांनी समजावून सांगितले. बूट आणि स्की यांना धरून ठेवणारा हा खटका, त्याला बाइंडिंग म्हणतात. माणूस पडतो तेव्हा तो ठरावीक जोराला सुटला पाहिजे. सुटला नाही तर लांब स्की पायाला पिळते आणि गुडघा किंवा नडगी जाते. फार सैल असेल तर चालता चालताच बूट निसटतो. म्हणून आकडा लावायचा तो वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि माणूस किती शिकलेला आहे, हे सगळे पाहून. आमचा मुलगा तेव्हा बत्तीस किलोचा, आणि बर्फावर कधीच उभा न राहिलेला. त्याला याहून बराच खाली हवा होता. त्यांनी पेचकस घेऊन तो उतरवला, बूट अडकवून हाताने पिळून पाहिला. पैसे घेतले नाहीत.

आमच्यापैकी जी उर्दू शिकवते तिची नजर मात्र टेबलावरच्या रजिस्टरवर गेली होती. नस्तालीकमध्ये, सुबक हाताने आखलेले रकाने : नाव, बुटाचा नंबर, स्कीचा नंबर, अमानत, वापसी. आम्ही ते सरळ वाचू लागलो तसे चाचा खुलले. महाराष्ट्रात उर्दू शाळा आहेत, तिथे गणितही उर्दूत शिकवतात, हे त्यांना ठाऊक नव्हते. त्यांनी मागची पाने उलटून दाखवली. आदल्या वर्षीच्या जानेवारीचे एक पान दोन दिवसांतच भरलेले. आणि या जानेवारीची पाने? वर तारीख, खाली कोरे. दुसरी तारीख, खाली कोरे. रोज सकाळी ते दुकान उघडून तारीख घालत होते. शाळेत हजेरी घेताना सगळा वर्गच गैरहजर निघावा, तसे ते रजिस्टर होते. हंगामाआधी त्यांनी कर्जाने वीस जोड्या नव्या घेतल्या होत्या. त्या कोपऱ्यात प्लास्टिकमध्येच होत्या.

परतीच्या विमानात आम्ही दोघे बराच वेळ काही बोललो नाही. आमचे नऊ हजार अडकले याचे दुःख होतेच. पण भाडे म्हणजे नुसता वस्तूच्या वापराचा पैसा, ही आमची समजूत त्या कोऱ्या पानांनी पुसून टाकली होती. बर्फ पडला नाही तर काय, ही चिंता भाड्याने घेणारा माणूस दुकानदाराकडे ठेवून येतो, आणि त्याचे पैसेही त्या भाड्यात असतात. आम्ही मात्र ती चिंता विकत घेऊन, जास्तीचे वजन भरून, विमानातून नेली आणि परत आणली होती.

आम्ही सोलापूरला पोचलो आणि महिन्याच्या शेवटी गुलमर्गला बर्फ पडला. फेब्रुवारीत तिथे खेलो इंडियाचे हिवाळी खेळही झाले. मुलाने ते पाहिले. त्याच्या डोक्यावर, लोखंडी कपाटावर, खोका होता.

त्या खोक्याने आमचे वर्ष खाल्ले. उन्हाळ्यात पारा त्रेचाळीसवर गेला तेव्हा अम्मींनी तो धान्याच्या कोठीमागे हलवला, कारण उष्णतेने प्लास्टिक तडकेल अशी भीती. पावसाळ्यात पुन्हा वर. येणारा-जाणारा विचारायचा, हे काय? आणि सांगितले की हसायचा. जॅकेटांचे तेवढे चांगले झाले. मोहल्ल्यात कळले, तसे कुणी मनालीला निघाले की आमच्या दारात. दोन जॅकेटे तर वर्षात तीन घरांत फिरून आली. अब्बा बघत होते. सदऱ्याचीही देग झाली, असे आम्हीच एकमेकांत म्हणालो. त्यांच्यासमोर नाही.

खरा हिशेब आम्ही ऑक्टोबरात मांडला. चाचांच्या दुकानात बूट, स्की, काठ्या मिळून दिवसाला सहाशे रुपये पडत होते. नऊ हजार म्हणजे पंधरा दिवस. सोलापूरच्या शिक्षकाला वर्षातून फार तर तीन दिवस बर्फ मिळणार. म्हणजे पाच वर्षे. कागदावर हे बरे दिसत होते. शिवाय वस्तू घरात आहे, ती वापरली नाही तर पैसे बुडाले, हा विचार काही केल्या जाईना. कोणी शहाणा म्हणेल, नऊ हजार वसूल करायला तुम्ही साठ हजारांची दुसरी सहल काढली? काढली. वर्षाअखेरीस उरलेल्या किरकोळ रजा एकत्र करून, २०२४ च्या ३० डिसेंबरला आम्ही पुन्हा निघालो. दोनच दिवस आधी इतका बर्फ पडला होता की श्रीनगरची विमाने रद्द झाली होती. टंगमर्गच्या पुढे टॅक्सीच्या चाकांना साखळ्या लावाव्या लागल्या. मुलगा खिडकीला नाक लावून बसला होता. काच त्याच्या श्वासाने धुरकट व्हायची, तो पुसायचा, पुन्हा धुरकट व्हायची.

घरी निघण्यापूर्वी आम्ही त्याला विचारले होते, बूट घालून बघितलेस ना? त्याने हो म्हटले होते.

चाचांच्या दुकानात त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. तरी त्यांनी आम्हाला ओळखले. मुलाने बूट चढवले, उभा राहिला, आणि आमच्याकडे बघून म्हणाला, "बसतात. एकदम बरोबर." चेहरा हसरा होता. आम्ही खटक्यांचे माप विचारायला लागलो तोच चाचांनी हात केला आणि त्याला बूट काढायला सांगितले. तो काढेना. "बसतात ना, चाचा," असे तो पुन्हा म्हणाला.

त्यांनीच गुडघ्यावर बसून बकले सोडली. या बुटात दोन भाग असतात, बाहेरचे कडक कवच आणि आतला मऊ बूट. त्यांनी आतला भाग उपसून काढला, मुलाचा नुसता पाय कवचात घातला, अंगठा पुढे टेकवायला लावला आणि टाचेमागे बोट घालून पाहिले. बोट-दीड बोट जागा हवी असते. त्यांचे नखही जात नव्हते. मग त्यांनी मोजा काढला. अंगठ्याचे आणि करंगळीचे टोक लाल झाले होते, अंगठ्याचे नख एका बाजूने काळसर. म्हणजे घरी, आमच्या माघारी, त्याने ते बूट बऱ्याचदा घालून चालायचा सराव केला होता.

बुटावर २२.५ असा आकडा होता. तो पायाच्या लांबीचा, सेंटीमीटरमध्ये. त्याचा पाय आता चोवीस भरला.

"सांगितले का नाहीस?"

तो खाली बघत म्हणाला, "नऊ हजारांचे आहेत."

आमच्या लहानपणी ईदचे बूट नेहमी एक नंबर मोठे घेतले जात. पुढे कापूस कोंबायचा, म्हणजे पुढच्या ईदलाही चालतात. आम्ही दोघेही असे कापूस कोंबलेल्या बुटात वाढलो, म्हणून मुलाला कधी मोठे बूट घेतले नाहीत, याचा आम्हाला अभिमान होता. तो पाय आखडून, बोटे मुडपून, हसत उभा राहील हे आमच्या ध्यानातही आले नव्हते.

चाचा काही बोलले नाहीत. त्यांनी फळीवरून चोवीसचा जोड काढला. आतला भाग बुखारीजवळ रात्रभर वाळवलेला, अजून कोमट. मागच्या बाजूला कितीतरी पोरांनी खिळ्याने की कशाने नावे ओरखडली होती. मुलाला एकच पातळ मोजा घालायला लावला, आमच्या अम्मींनी विणलेले दोन जाड मोजे बाजूला ठेवले. दोन मोज्यांनी पाय आवळतो आणि रक्त थांबून उलट गारठतो, हे त्यांचे म्हणणे. उभे राहिल्यावर अंगठा पुढे जेमतेम टेकला पाहिजे, गुडघे वाकवले की मागे सरला पाहिजे, आणि टाच उचलली जाता कामा नये. इथे मोठ्या मापाला आणि कापसाला जागा नाही. टाच हलली की स्की ऐकत नाही. मग स्की त्याच्यासमोर उभी करून पाहिली. शिकणाऱ्याला हनुवटी आणि नाक यांच्यामध्ये येईल एवढी पुरे. डोक्यासाठी हेल्मेट दिले. मुलाला दोन्ही पाय एकाच फळीला बांधतात तो स्नोबोर्डही हवा होता. चाचा म्हणाले, दोन दिवस हे कर, तिसऱ्या दिवशी बदलून ने, तेवढ्याच भाड्यात. विकत घेतलेल्या फळीची अशी बदली कोण करून देणार?

हातमोजे, चष्मे, आतले कपडे आमचेच वापरले, आणि ते घेतल्याचा पस्तावा कधी झाला नाही. अंगाला लागते ते आपले असावे, इथवर अब्बांशी आमचे मत अजूनही जुळते. त्या तीन दिवसांत कुठले हॉटेल, किती थंडी, याची वर्णने इतरांनी पुष्कळ केली आहेत. मुलगा पहिल्या दिवशी एकोणीस वेळा पडला. मोजण्याचे काम गणिताकडे होते. एकोणीस वेळांपैकी चार वेळा खटका सुटला आणि स्की बाजूला जाऊन पडली. प्रत्येक वेळी आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले.

संध्याकाळी सामान परत करताना चाचा म्हणाले, ते लहान बूट आणि जोडी सोलापूरला परत कशाला नेता? इथे ठेवा. तीन दिवसांचे भाडे सोडून देतो, वर थोडे पैसेही देतो. आम्ही वर पैसे घेतले नाहीत. भाडे मात्र त्यांनी घेतलेच नाही. त्यांनी रजिस्टर उघडले, मागच्या यादीत आमच्या जोडीला नंबर घातला, एक्केचाळीस, आणि रंगाच्या कांडीने स्कीवर लिहिला.

रात्री अब्बांचा फोन आला. त्यांचा पहिला प्रश्न, "पोराला बूट बरोबर बसले ना?"

आम्ही म्हटले, "हो अब्बा, अगदी मापात बसले."

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात नागपूरचे एक कुटुंब होते. आठ-नऊ वर्षांची मुलगी बाकावर बसली होती आणि चाचा तिच्या पायात एक्केचाळीस नंबरचे बूट चढवत होते. टाचेमागे त्यांचे बोट सहज गेले. आमचा मुलगा दारात उभा राहून बघत होता. मग आपली स्की खांद्यावर टाकून तो तिच्या मागोमाग उतारावर गेला. ती तीन पावलांत पडली. खटका सुटला. त्याने जाऊन स्की उचलली, खटक्यातला बर्फ काठीच्या टोकाने खरवडून काढला, जोडी तिच्या समोर आडवी ठेवली आणि शाळेतल्या आमच्याच आवाजात म्हणाला, "आधी पुढचा भाग घाल, मग टाच दाब. दाब जोरात. आवाज आला पाहिजे."